दारू सोडायच्या गोळ्या: नवीन माणसाने कुठून सुरू करायचं

आमच्या वहिनीने वरणात पावडर घातली होती. एसटी स्टँडच्या भिंतीवर पोस्टर होतं, "पेशंटला न सांगता दारू सोडवा", खाली नंबर, पार्सलने पुड्या आल्या, रोज एक पुडी वरणात नाहीतर आमटीत. दादा तीन दिवस काही न कळता जेवला आणि चौथ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर नेहमीसारखी क्वार्टर मारून घरी आला. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, कान पेटल्यासारखे, छातीत धडधड, उलट्या थांबेनात आणि मग एकदम पांढरा पडून मोरीच्या कट्ट्याला टेकून खालीच बसला. दवाखान्यात नेईपर्यंत बीपी पार खाली गेलं होतं. डॉक्टरने दादाकडे एकदा बघितलं आणि प्रश्न वहिनीला विचारला, "काय दिलंय ह्यांना?" ती गप्प. पुडीवर औषधाचं नाव नाही, कंपनी नाही, काहीच नाही. डॉक्टर म्हणाले लक्षणं बघता डायसल्फिरमच असणार, म्हणजे दारू सोडवायला देतात ती गोळी, जिच्यावर दारू प्यायली की असा त्रास होतो.

दादा वाचला, पण पुढचे सहा महिने घरच्या ताटाला हात लावला नाही त्याने, टपरीवरचा वडापाव खायचा आणि वहिनीने चहा दिला की आधी तिला एक घोट प्यायला लावायचा. आणि दारू? दारू चालूच होती, वाढलीच उलट.

मजेची गोष्ट म्हणजे (मजा कसली, पण असो) दीड वर्षाने दादाची दारू सुटली ती त्याच औषधावर. तेच डायसल्फिरम, फक्त ह्यावेळी त्याला सांगून, त्याच्या सहीने, त्याच्या स्वतःच्या हातात दिलेलं. म्हणून कुणी मला विचारलं की "ताई, दारू सोडायची गोळी कुठली चांगली" तर मी आधी विचारते, ज्याला द्यायची त्याला माहितीये का? नसेल तर पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

मी डॉक्टर नाही, बहीण आहे. डोस किती, कुठली गोळी, हे डॉक्टरनेच ठरवायचं. पण डॉक्टरसमोर बसायच्या आधी काय माहिती पाहिजे आणि औषध चालू झाल्यावर घरात काय करायचं हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं, ते इथे क्रमाने लिहितेय.

पहिलं: एकदम बंद करू नका

उलटं वाटेल वाचायला, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ज्याला रोज लागते, आणि खास करून ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून आधी नाईन्टी लागते, त्याने घरच्या घरी एका दिवसात बंद करणं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे ह्याचा सीझन असतो. गटारी झाली, श्रावण लागला, "आता महिनाभर थेंब नाही". कुणी देवाची शपथ घेतो, कुणी माळ घालतो, कुणाला घरचे खोलीत कोंडून ठेवतात. श्रद्धेला नावं ठेवत नाही मी, पण मेंदूला श्रावण कळत नाही, रोजची दारू गेली की तो खवळतो.

होतं असं. शेवटचा पेग घेतल्यावर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, मळमळ, झोप नाही, चिडचिड. फिट यायची असेल तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना ते येतं ज्याला डॉक्टर डीटी म्हणतात, म्हणजे माणूस भलतंच बडबडतो, भिंतीवर किडे दिसतात, कपड्यावरून काहीतरी झटकत बसतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप येतो, नाडी पळते. पुष्कळ घरांत ह्याला "बाहेरचं झालंय" म्हणून आधी देवऋषीकडे नेतात आणि त्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत. फिट आली, बडबड सुरू झाली, तर गाडी काढा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, दुसरा विचार नको.

मग डॉक्टरकडे जाईपर्यंत काय करायचं? प्यायला सांगा असं म्हणत नाही मी, पण जबरदस्तीने बाटली हिसकावून पण घेऊ नका. अपॉइंटमेंट लवकरात लवकर घ्या आणि तोपर्यंत वहीत लिहून ठेवा, रोज किती, किती वाजता पहिली, शेवटची कधी. दादा सांगायचा "एकच क्वार्टर घेतो". क्वार्टर म्हणजे १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. डॉक्टर लोक १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरतात. म्हणजे ती "एकच" क्वार्टर सहा ड्रिंकची, आणि दादाच्या दोन व्हायच्या, सकाळची नाईन्टी वेगळी. हा हिशोब वहीत दिसला तेव्हा तो स्वतःच जरा वेळ गप्प बसला होता.

आधी कधी फिट आलेली का, कावीळ झालेली का, शुगर-बीपीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, झोपेच्या गोळ्या घेतो का, हेही त्याच वहीत लिहा. ही माहिती पुढे चार वेळा लागते.

दुसरं: जायचं कुठे

सायकियाट्रिस्टकडे. "वेड्यांचा डॉक्टर" म्हणून लोक टाळतात आणि मग पोस्टरवरचे नंबर लावतात. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसिक आरोग्याची ओपीडी असते, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये असते, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालयं आहेत. राहून उपचार घ्यायचे तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, ते बऱ्याच जणांना माहीत असेलच. काहीच सुचत नसेल तर १४४१६ हा टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी वेगळी हेल्पलाईन १४४४६.

एक इशारा. व्यसनमुक्ती केंद्राच्या नावाखाली काही ठिकाणी माणसाला गाडी पाठवून उचलून नेतात, साखळीने बांधतात, मारतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास पण धरलेत आणि साखळीने बांधायला त्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. केंद्रात गेलात की नोंदणीचं सर्टिफिकेट बघायला मागा, डॉक्टर कोण, किती वाजता येतात ते विचारा, आणि पेशंटला भेटू देणार नाही म्हणाले तर सरळ उठून या.

देशात किती लोकांपर्यंत उपचार पोचतात ह्याचा एक आकडा सांगते. २०१९ मध्ये एम्सने सर्व्हेचा रिपोर्ट दिला, त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकाला कुठला तरी उपचार मिळालेला होता. ३८ मध्ये एक! बाकीचे ३७ शपथा घेतायत.

तिसरं: डिटॉक्स, म्हणजे पहिले पाच ते दहा दिवस

इथे एक गोंधळ बहुतेक सगळेच करतात. पहिल्या आठवड्यात ज्या गोळ्या देतात त्या दारू सोडायच्या गोळ्या नसतात. त्या थरथर आणि फिट थांबवायच्या असतात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम ह्या गटातल्या, लिव्हर फारच खराब असेल तर बहुतेक लोराझेपाम देतात. सुरुवातीला जास्त, मग रोज कमी करत करत आठ-दहा दिवसांत बंद. हे बंद होणं फार महत्त्वाचं, कारण ह्या गोळ्या स्वतःच मागे लागतात. आमच्या ओळखीत एकाने जुनी चिठ्ठी दाखवून दोन वर्षं त्या घेतल्या, दारू सुटली नाहीच, वर हे दुसरं लागलं. आणि ह्या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, झोपेतच जायची भीती. म्हणून स्ट्रिप घरच्यांकडे ठेवायची आणि चिठ्ठीप्रमाणे मोजून द्यायची.

घरी करायचं का ॲडमिट व्हायचं? आधी फिट किंवा डीटी झालेली असेल, वय जास्त असेल, लिव्हर-हार्टचा आजार असेल, घरात लक्ष ठेवायला कुणी नसेल तर ॲडमिट, ह्यात घासाघीस नको.

दुसरं औषध थायामिन, म्हणजे बी-१ व्हिटॅमिन. साधं व्हिटॅमिन म्हणून लोक सोडून देतात. दारू पिणारा माणूस जेवत नाही, चकण्यावर जगतो, शरीरातलं बी-१ संपलेलं असतं, आणि त्यात अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडे नेऊन ग्लुकोजची सलाईन लावली तर उरलंसुरलं बी-१ पण त्यात खर्ची पडतं. मग डोळे विचित्र फिरायला लागतात, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि वेळेत नाही सापडलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला सांगा की हे रोज दारू घेतात, थायामिनचं इंजेक्शन आधी द्या. एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा.

दादाचा तिसरा दिवस वाईट होता. रात्री दोनला उठून कॉटखाली लेथचा पाना शोधत होता, म्हणे शिफ्ट लागलीये. नर्सने येऊन इंजेक्शन दिलं, लाईट चालू ठेवायला सांगितला, आणि वहिनीला म्हणाली त्याच्याशी वाद घालू नका, नुसतं नाव घेऊन हाक मारत राहा. सकाळी त्याला काही आठवत नव्हतं.

चौथं: आता खरी गोळी, आणि इथे चार पर्याय आहेत

डिटॉक्स झालं की माणूस फ्रेश दिसतो, चार दिवस नीट जेवलेला असतो, आणि घरचे पेढे वाटतात. दादा पहिल्यांदा असाच घरी आला आणि अकराव्या दिवशी परत प्यायला. कारण तलफ गेलेली नसते, नुसती थरथर गेलेली असते. परत पिण्यापासून अडवणारी औषधं इथून पुढे चालू होतात.

डायसल्फिरम. सगळ्यात जुनं, स्वस्त, आपल्याकडे सर्रास देतात ते. हे तलफ कमी करत नाही, हे भीतीवर चालतं. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग ते विष पुढे फोडतं. ही गोळी तो पुढचा रस्ता बंद करते, विष साठतं, आणि आमच्या मोरीजवळ जे झालं ते होतं. ह्याचा शोध पण गमतीशीर आहे, रबराच्या कारखान्यात हे रसायन वापरायचे तेव्हा कामगारांना दारू सोसत नाही असं १९३७ मध्येच एकाने लिहून ठेवलेलं, आणि नंतर कोपनहेगनला हाल्ड आणि याकोबसेन हे दोघं जंतावरचं औषध म्हणून ते स्वतःवर तपासत होते तर ड्रिंक घेतल्यावर दोघंही आजारी पडले, १९४८ मध्ये त्यांनी ते छापलं.

नियम काय ते नीट वाचा. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय पहिली गोळी नाही, आमच्या डॉक्टरांनी तर अख्खं डिटॉक्स संपल्यावरच दिली. नेहमीचा डोस दिवसाला २५० मिलीग्राम, पण डॉक्टर सांगतील तो. गोळी बंद केल्यावर पण १४ दिवसांपर्यंत रिॲक्शन येऊ शकते, म्हणजे "आज गोळी घेतली नाही, आज पितो" हे चालत नाही. हार्टचा त्रास असेल, मनाचा मोठा आजार होऊन गेलेला असेल, लिव्हर खराब असेल, गरोदर असेल तर हे औषध बहुतेक देत नाहीत. चालू करायच्या आधी लिव्हरची टेस्ट, दोन आठवड्यांनी परत, मग डॉक्टर सांगतील तशी. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, जेवण जाईना, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. महिनोन्महिने घेतल्यावर पायाला मुंग्या यायला लागल्या तर तेही सांगा.

नाल्ट्रेक्सोन. ह्याचं काम वेगळं, हे दारूतली मजा काढून घेतं. घेतली तरी आजारी पडत नाही माणूस, पण पहिल्या घोटानंतर अजून पाहिजे, अजून पाहिजे जे होतं ते कमी होतं. दिवसाला ५० मिलीग्रामची एक गोळी, जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी. अडचण एकच पण मोठी: अफूच्या जातीची कुठलीही गोळी चालू असेल, ट्रामाडॉलची वेदनाशामक असो की कोडीनचं खोकल्याचं औषध, तर ७ ते १० दिवस ते पूर्ण बंद असल्याशिवाय नाल्ट्रेक्सोन घ्यायची नाही, नाहीतर भयंकर त्रास होतो. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगायचं. डायसल्फिरमच्या मानाने महाग पडते. लिव्हरची टेस्ट इथेही लागते.

ॲकॅम्प्रोसेट. ज्याची दारू सुटलीये, पण आतून अस्वस्थ वाटतं, झोप नाही, उगाच बेचैन, त्याला सोडलेली टिकवायला हे देतात. ३३३ मिलीग्रामच्या गोळ्या, बहुतेकांना दोन-दोन तीन वेळा म्हणजे दिवसाला सहा, आणि इथेच लोक गळतात, सहा गोळ्या कोण घेणार. फायदा असा की हे लिव्हरवर भार टाकत नाही, किडनीतून बाहेर जातं, म्हणून लिव्हरवाल्यांना सोयीचं, पण किडनी बिघडली असेल तर डोस निम्मा करतात किंवा देतच नाहीत. सुरुवातीला पोट बिघडतं. मध्ये एखादवेळी घसरलात तरी गोळी चालू ठेवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत नाल्ट्रेक्सोन आणि हे, दोन्ही घातलीत.

बॅक्लोफेन. मुळात स्नायू आखडण्यावरचं औषध. सिरॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) झालेल्या माणसाला बाकीचं काही देता येत नाही तेव्हा डॉक्टर ह्याचा विचार करतात. झोप फार येते, दारूबरोबर घेतलं तर जास्तच, गाडी चालवणाऱ्याने जपून. आणि मनाने एकदम बंद करायचं नाही, कमी करत करत.

ह्यातलं कुठलं भारी? मला विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे. २०१४ मध्ये एका अमेरिकन जर्नलमध्ये सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, त्यात ॲकॅम्प्रोसेट साधारण १२ जणांनी घेतली की त्यातल्या एकाचं परत पिणं टळतं, जे गोळीशिवाय टळलं नसतं, नाल्ट्रेक्सोनचं हेच प्रमाण २० ला एक. ऐकायला कमी वाटतं, पण रोजच्या कितीतरी औषधांचे आकडे ह्याहून वाईट असतात. आणि मग मुंबईतला एक अभ्यास आहे २००४ चा, १०० पुरुष, एक वर्ष, निम्म्यांना डायसल्फिरम निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. वर्षाच्या शेवटी डायसल्फिरमवाले ८६ टक्के कोरडे आणि नाल्ट्रेक्सोनवाले ४४ टक्के. पण तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांना कमी होती! म्हणजे तलफ जास्त असून डायसल्फिरमवाले टिकले. कसे काय? त्या अभ्यासात घरचं माणूस बरोबर होतं, गोळी घेतली का नाही ते बघायला. आपल्याकडे ज्याचं घर अजून त्याच्याबरोबर उभं आहे त्याला ही गोळी चालते. जो एकटा खोली घेऊन राहतो, ज्याची बायको माहेरी गेलीये, त्याला कोण देणार रोज गोळी? त्याला दुसरं काहीतरी बघावं लागतं, आणि हे तुम्ही डॉक्टरला स्पष्ट सांगायला पाहिजे, "घरात गोळी द्यायला कुणी नाही". ओपीडीच्या पाच मिनिटांत डॉक्टर हे विचारेलच असं नाही.

पाचवं: सकाळची गोळी

ह्यावर कुणीच काही सांगत नाही आणि सगळं ह्यावरच आहे. आमच्याकडे असं ठरलं. डॉक्टरसमोर दादाने स्वतः सांगितलं की गोळी मी मागणार, ती देणार. वहिनीने "गोळी घेतली का" असं विचारायचं नाही. तो दात घासून आला की स्वतः म्हणायचा "दे". ती वाटीत गोळी टाकायची, वर थोडं पाणी, विरघळली की तो उभ्या उभ्या प्यायचा, मग चहा. पाण्यात विरघळवायची कारण अख्खी गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकता येते, हे डॉक्टरांनी हसत सांगितलं आणि दादा खाली बघायला लागला.

बदल्यात वहिनीची बाजू अशी की दिवसभर दारूचा विषय काढायचा नाही. तोंडाचा वास घ्यायचा नाही, खिसे तपासायचे नाहीत, उशीर झाला म्हणून चार फोन करायचे नाहीत. हे तिला जास्त जड गेलं खरं सांगायचं तर. पहिल्या महिन्यात ती रोज संध्याकाळी सातला गेटपाशी झाडांना पाणी घालत असायची, पावसात सुद्धा.

दोघांचं भांडण झालेलं असेल त्या दिवशी गोळी कोण देणार हेही आधी ठरवा. आमच्यात ते मी होते, शेजारच्या गल्लीत राहते म्हणून. सहा वेळा गेले असेन वर्षभरात. आणि काम न बोलता करायचं असतं, वाटी द्यायची, चहा घ्यायचा, निघायचं.

लपलेली दारू. डायसल्फिरमवाल्याने हे पाठ करायचं. खोकल्याची काही सिरप, टॉनिक, होमिओपॅथीचे थेंब, आणि आपल्याकडची आसवं-अरिष्टं, द्राक्षासव, दशमूलारिष्ट वगैरे, बाटलीवर बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलेलं असतं, वाचा. काही माउथवॉश, आफ्टरशेव्ह पण. नाताळात गोव्याकडून कुणी रम केक आणला तर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेट्रोनिडाझोल, जुलाब झाले की आपण मेडिकलमधून न विचारता आणतो ती गोळी, डायसल्फिरमबरोबर घेतली तर माणसाला भ्रम होऊ शकतो. फिटवरची फेनिटॉइन किंवा रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगा, ह्या दोन्हींचा असर डायसल्फिरममुळे वाढतो.

"एक पेग घेऊन बघू, खरंच होतं का" हा प्रयोग करू नका. पूर्वी काही ठिकाणी हॉस्पिटलमध्ये मुद्दाम करून दाखवायचे म्हणे. आमच्या घरी तो फुकट झालेला आहे, पुरे.

सहावं: घसरला तर

घसरतात. दादा चौथ्या महिन्यात घसरला, लग्नाला गेला होता, तिथे तीन दिवस वहिनी बरोबर नव्हती, गोळी "विसरला", आल्यावर दहा दिवस बंदच, मग प्यायला. त्रास झाला, पण पहिल्यासारखा नाही. काय करायचं तर, पहिलं, डायसल्फिरम घेत असताना प्यायला असेल आणि छातीत दुखत असेल, चक्कर, दम लागत असेल तर थेट दवाखाना, आणि औषधाचं नाव सांगा. दुसरं, त्या अवस्थेत परत गोळी देऊ नका, आधी दारू अंगातून जाऊ दे, डॉक्टरला फोन करा. तिसरं, आठवडाभर सलग पीत असेल तर डिटॉक्स परत लागेल, सुरुवातीपासून. मधल्या काळात एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट) च्या मीटिंगला तो जायला लागला ह्याच घसरण्यानंतर, आणि वहिनीला कुणीतरी अल-अनॉनला नेलं, ती घरच्यांसाठीची मीटिंग. गोळी का मीटिंग असा वाद घालणारे भेटतील तुम्हाला दोन्हीकडे. दोन्ही करा.

बाकी डिप्रेशन असेल तर त्याचा वेगळा उपचार घ्या, दारू गेली की आपोआप जाईल म्हणून थांबू नका. मरायच्या गोष्टी बोलत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

सातवं: कधी थांबायचं, आणि खिशातली चिठ्ठी

किती दिवस घ्यायची? डॉक्टर साधारण सहा महिने ते वर्ष म्हणतात, काहींना जास्त. "आता बरा आहे, कशाला गोळी" हे वाक्य घरात पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात येतं आणि बहुतेक वेळा सासूबाई किंवा मित्र बोलतात. थांबवायची असेल तर डॉक्टरसमोर, आणि सणासुदीच्या, लग्नसराईच्या, पगारवाढीच्या तोंडावर नाही. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणून ठेवा, छोट्या गावात मेडिकलवाल्याकडे स्टॉक नसतो, "सोमवारी येईल" म्हणतो आणि सोमवार दोन आठवड्यांनी येतो.

आणि पाकिटात एक चिठ्ठी. दादाच्या पाकिटात अजून आहे, वहिनीच्या अक्षरात, वरून सेलोटेप लावलेली: "मी डायसल्फिरम घेतो. अल्कोहोल असलेलं औषध आणि मेट्रोनिडाझोल देऊ नये", खाली डॉक्टरचा आणि तिचा नंबर. गेल्या वर्षी दाढ काढायला गेला तेव्हा त्याला लाज वाटत होती दाखवायला. डेंटिस्टने औषधं लिहिली, दादाने पैसे द्यायला पाकीट उघडलं, तेव्हा चिठ्ठी खाली पडली. डेंटिस्टबाईने उचलून वाचली, काही न बोलता स्वतः लिहिलेली औषधांची चिठ्ठी परत ओढून घेतली आणि दुसऱ्या नंबरच्या गोळीवर काट मारली.